सात सभासदांचे बोर्ड

'बोर्ड' हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की, तो परका असल्याची आठवणही आता कोणास होत नाही. आपल्या वडीलधाऱ्यांच्या पिढीत गावची शाळा म्हणजे 'लोकल बोर्डाची शाळा', मास्तरांना पावसाळ्याच्या तोंडावर आडगावी धाडणारे ते 'स्कूल बोर्ड', आणि मुलाच्या पोटात गोळा आणणारी ती 'बोर्डाची परीक्षा'. मुंबई इलाख्यात १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांच्या स्वाधीन झाल्या, १९४७ च्या कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यांतील स्कूल बोर्डांची नवी घडी बसली, आणि १९६२ साली महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्यावर तो सारा पसारा त्यांच्या पदरी पडला. बोर्डे गेली, शब्द तेवढा राहिला. परंतु या सर्व बोर्डांचा जो मूळपुरुष, त्याची हकीकत मात्र फारशी कोणी सांगत नाही. तो १८४० साली मुंबईत जन्मला, १८५५ साली निवर्तला, आणि उण्यापुऱ्या पंधरा वर्षांच्या आयुष्यात त्याने एक असा वाद घातला की त्याचा निकाल अद्याप लागलेला नाही. तो वाद आपण, म्हणजे नोकरीच्या निमित्ताने बंगलोरसारख्या परमुलखात येऊन राहिलेली मराठी माणसे, दर जून महिन्यात मुलाचे नाव शाळेत घालताना नकळत पुन्हा घालीत असतो.

या मंडळाची पूर्वपीठिका थोडक्यात सांगितली पाहिजे. पेशवाई बुडाली तेव्हा गावोगाव पंतोजींच्या शाळा होत्या. देवळाची ओवरी किंवा कोणा सावकाराचा सोपा हीच शाळेची इमारत. धूळपाटीवर धूळ पसरून बोटाने किंवा काडीने अक्षर गिरवायचे. ते पुसायला हाताचा तळवा पुरे. ओनाम्यापासून आरंभ होई. मग उजळणी, पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. हात बसल्यावर बोरू, आणि अखेरीस मोडी पत्र वाचता-लिहिता आले की मुलगा दुकानात किंवा दप्तरात बसायला मोकळा. पंतोजीचा मुशाहिरा पुष्कळदा शिध्याच्या रूपाने येई. या शाळेत इतिहास-भूगोल नव्हता, व्याकरण नव्हते, आणि मुख्य म्हणजे छापील पुस्तक नव्हते. तरीही तिला कमी लेखण्याचे कारण नाही. तिने ज्यांच्यासाठी जे शिकवायचे ते चोख शिकवले, आणि पाऊणकी तोंडपाठ असलेला जुना कारकून पुढे यंत्राच्या बेरजेलाही चूक दाखवी असे आम्ही कचेरीतल्या म्हाताऱ्यांकडून ऐकत आलो आहोत.

याच धूळपाटीने एक मोठा प्रवास केलेला आहे. मद्रासजवळ एग्मोर येथे लष्करातील गोऱ्या शिपायांच्या अनाथ मुलांची एक शाळा होती. तिचा चालक अँड्र्यू बेल याने अठराव्या शतकाच्या अखेरीस जवळपासच्या देशी शाळांतील मुले वाळूवर अक्षरे गिरवीत असलेली पाहिली, आणि ती युक्ती आपल्या शाळेत आणली. मोठ्या मुलाने धाकट्यास शिकवावयाचे, या आपल्याकडच्या रिवाजाचीही त्याने पद्धत बांधली व १७९७ साली त्याविषयी पुस्तक छापले. इंग्लंडात जोसेफ लँकेस्टर याने तशाच पद्धतीच्या शाळा काढल्या, आणि ती पद्धत 'लँकेस्टरची नवी रीत' म्हणून जहाजात बसून मुंबईस परत आली. आपलेच नाणे दुसऱ्या टांकसाळीतून शिक्का मारून यावे, तसा हा प्रकार झाला. नव्या शिक्षणाच्या पुरस्कर्त्यांनी ही रीत मराठी शाळांत घालण्यासाठी पुस्तिका तयार करवल्या आणि शिक्षकांना ती शिकवली. पंतोजींना ती पाहून काय वाटले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

मुंबईस १८२२ च्या सुमारास देशी मुलांच्या शाळांसाठी व पुस्तकांसाठी एक स्वतंत्र सोसायटी निघाली. १८२७ पासून ती 'बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' या नावाने ओळखली जाऊ लागली. मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे तेव्हा गव्हर्नर होते, आणि त्यांचा तिला पाठिंबा होता. तिचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे लष्करी इंजिनियर. या सोसायटीच्या एका समितीने १८२३ साली देशी शिक्षणाची पाहणी करून चार उणिवा नोंदल्या: पुस्तके नाहीत, शिकवण्याची सोपी व परिणामकारक रीत नाही, शिकवण्यास योग्य माणसे नाहीत, आणि पैसे नाहीत. दोनशे वर्षांनंतर आजही एखाद्या शिक्षणसमितीचा अहवाल उघडावा तर हेच चार मथळे सापडतील. क्रम तेवढा बदलून पैशाचा मथळा वर आलेला असेल. मात्र या समितीने पुस्तकांना पहिले स्थान दिले, यात तिची दृष्टी दिसते.

पुस्तके झाली ती शिळाछापावर. दगडावर लिहून छापण्याची ही विद्या बव्हेरियात सेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अगदी शेवटी शोधली, आणि पंचवीस-तीस वर्षांच्या आत ती मुंबईत मराठी पुस्तके छापू लागली. देवनागरीचे खिळे पाडणे हे त्या काळी खर्चाचे व किचकट काम. जोडाक्षरांनीच माणूस बेजार व्हावा. दगडाला जोडाक्षराचे भय नाही. लेखनिकाने सुंदर अक्षरात लिहिले की त्याच्या शेकडो प्रती निघत, आणि मुलाला पुस्तक हाती घेतल्यावर ते परके यंत्र न वाटता वळणदार हस्ताक्षरच वाटे. वर्गात नवीन साधन कोणते आणावे, हा प्रश्न तेव्हाच्या मंडळींनी असा सोडवला. जर्व्हिस यांनी जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या साहाय्याने गणिताची पुस्तके मराठीत उतरवली. सोसायटीचे देशी चिटणीस सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'बाळमित्र' व 'इसपनीति' ही पुस्तके १८२८ च्या सुमारास आली. शास्त्रीमंडळाचा मराठी कोश १८२९ साली निघाला, आणि दोन वर्षांनी मोल्सवर्थचा. पुढे बाळशास्त्री जांभेकर छत्र्यांच्या जागी आले. 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री आपणांस ठाऊक असतात. परंतु चलनकलनासारखा विषय मराठीत 'शून्यलब्धि' या नावाने आणणारे, आणि १८४५ साली शिक्षक तयार करण्याच्या वर्गाचे प्रमुखपद सांभाळणारे बाळशास्त्री तितकेच मोठे. पुढच्याच वर्षी, वयाची पस्तिशीही पुरी न होता ते गेले. एवढे काम एवढ्या वयात! आमच्या खात्यात त्या वयाचा मनुष्य पहिल्या बढतीची वाट पाहत असतो.

सोसायटीने १८२६ साली चोवीस मराठी व गुजराती शिक्षक तयार करून दख्खन, कोकण व गुजरात या भागांत पाठवले. १८४० पर्यंत तिच्या शंभरावर शाळा झाल्या होत्या. त्या वर्षी सरकारने सारा कारभार एका नव्या मंडळाच्या हाती दिला. हेच ते 'बोर्ड ऑफ एज्युकेशन'. सभासद सात. अध्यक्ष व तीन युरोपियन सभासद सरकारने नेमायचे, आणि तीन देशी सभासद सोसायटीने निवडून द्यायचे. पहिले तीन देशी सभासद जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा हे होते. एक सोनार जातीचा मराठी पेढीवाला, एक पारशी व्यापारी आणि एक कोकणी मुसलमान विद्वान. लोकनियुक्त म्हणता येतील असे देशी सभासद गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शेजारी एका मेजावर बसून धोरणावर मत देत आहेत, हे दृश्य १८४० च्या हिंदुस्थानात विरळाच होते.

बोर्डाने इलाख्याचे विभाग पाडले, त्यांवर निरीक्षक नेमले, शाळांचे नियम केले, परीक्षांचे तक्ते मागवले. हा भाग येथे विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही. खरा प्रसंग आला तो १८४३ नंतर, सर अर्स्किन पेरी अध्यक्ष झाल्यावर. पेरी हे मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश, पुढे मुख्य न्यायाधीश. मनुष्य बुद्धिमान, तडफदार आणि देशी लोकांविषयी खरी कळकळ असलेला. ते १८५२ साली परत गेले तेव्हा मुंबईकरांनी त्यांच्या नावाने कायद्याच्या अध्यापकपदासाठी निधी उभारला, आणि त्यातूनच पुढे मुंबईचे सरकारी लॉ कॉलेज उभे राहिले. तेव्हा त्यांना खलनायक करून हा इतिहास सोपा करू नये. त्यांचे म्हणणे सरळ होते. खजिन्यातून मिळणारी रक्कम तुटपुंजी. तीत लक्षावधी रयतेला शिकवणे अशक्य. देशी भाषांत ग्रंथ नाहीत. भाषांतरे करीत बसलो तर पिढ्या जातील. तर मग वरच्या वर्गातील थोड्यांना इंग्रजीतून उत्तम शिक्षण द्यावे. त्यांच्याकडून ते खाली झिरपेल. बंगालात १८३५ साली मेकॉले यांनी जे केले तेच येथे करावे.

हा पक्ष दुबळा नव्हता, हे मान्य केले पाहिजे. त्याला उत्तर देणाऱ्यांत पहिले पुढे आले ते जर्व्हिस; आता ते कर्नल झाले होते व बोर्डाचे सभासद होते. वीस वर्षांपूर्वी ज्या मनुष्याने स्वतः मराठीत गणित उतरवले होते, त्याला 'देशी भाषेत शास्त्र सांगता येत नाही' हे विधान ऐकून घेणे जड गेले असल्यास नवल नाही. १८४७ च्या फेब्रुवारीत त्यांनी आपले मत लेखी नोंदवले. ज्या भाषेचा मनाला सराव आहे तिच्यावाचून सर्वसाधारण लोकांना शिक्षण देता येणार नाही, हे त्याचे सार. सर्वांना परकी भाषा शिकवल्यावर मग विद्या शिकवू म्हणणे म्हणजे विद्या मूठभरांपुरतीच ठेवणे होय, अशी त्यांची मांडणी होती.

त्या वर्षीच्या १ मे रोजी जगन्नाथ शंकरशेट यांनी आपले टिपण लिहिले. त्याला इंग्रजीत 'मिनिट' म्हणतात. आम्हा फाइलीत आयुष्य घालवणाऱ्या लोकांना 'मिनिट' म्हणजे काय हे सांगावयास नको. सभेत बोललेले वाऱ्यावर जाते. टिपणीवर लिहून सही केलेले दप्तरात राहते, आणि पन्नास वर्षांनी कोणी दप्तर उघडले तर लिहिणाऱ्याच्या नावानिशी उभे राहते. नाना शंकरशेटांनी हे ओळखले होते. मुरबाडचे मूळ असलेले हे गृहस्थ इंग्रजीचे शत्रू मुळीच नव्हते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनचे ते आधारस्तंभ, आगगाडी आणणाऱ्या मंडळींतील एक, आणि दोन वर्षांनी मुलींच्या शाळेला स्वतःच्या वाड्यात जागा देणारे. ज्यांना सवड व साधने आहेत त्यांनी इंग्रजी अवश्य शिकावे, असे त्यांचे म्हणणे होते. पण पश्चिम हिंदुस्थानातील लोकांपर्यंत उपयुक्त ज्ञान पोचवण्यास देशी भाषा हेच अधिक चांगले साधन आहे, अशी आपली खात्री झाल्याचे त्यांनी स्पष्ट लिहिले. अध्यक्ष सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश असताना, आणि ज्या सरकारशी रोजचा व्यवहार आहे त्या सरकारची मर्जी कोणीकडे वळेल याचा नेम नसताना, एका पेढीवाल्याने हे लिहावे यास धैर्य लागते. फ्रामजी कावसजी व मकबा हेही त्यांच्याच बाजूला उभे राहिले.

आता मतांची बेरीज पाहा. एका बाजूस अध्यक्ष व दोन युरोपियन सभासद. दुसऱ्या बाजूस कर्नल जर्व्हिस व तिघे देशी सभासद. तीन विरुद्ध चार. अध्यक्षांचा पक्ष हरला! पण कचेरीत बहुमताने हरलेला अध्यक्ष काय करतो हे आपणांस माहीत आहे: तो प्रकरण वर पाठवतो. प्रकरण सरकारकडे गेले. १८४८ साली सरकारचे उत्तर आले, आणि ते असे होते की दोन्ही पक्षांना ते वाचून आपलाच जय झाला असे म्हणता यावे. देशी भाषांतून शिक्षण देणे महत्त्वाचे आहे असेही त्यात होते, आणि इंग्रजीतील उच्च शिक्षणाचेही महत्त्व होते. उत्तर लिहिणाऱ्या सेक्रेटरीस प्रस्तुत लेखक मनोमन नमस्कार करतो. असा मसुदा लिहावयास हात मुरलेला लागतो. पेरींनी त्या उत्तराचा आपल्या बाजूने अर्थ लावला. विरोधकांनी त्यांच्या बाजूने. वाद मिटला नाही.

तथापि या न मिटलेल्या वादातून एक गोष्ट मात्र ठरून गेली. मुंबई इलाख्यातील प्राथमिक शाळा देशी भाषेच्याच राहिल्या. चौघांचे बहुमत नसते तर कदाचित त्या तशा राहिल्या नसत्या. १८५४ च्या जुलैमध्ये सर चार्ल्स वुड यांचा खलिता विलायतेहून निघाला. त्याने वरचे शिक्षण इंग्रजीतून व सर्वसामान्यांचे देशी भाषांतून अशी वाटणी मान्य केली, आणि इलाख्याइलाख्यांत शिक्षणखाते उघडण्याचा हुकूम दिला. १८५५ साली मुंबईचे शिक्षणखाते निघाले, अर्स्किन नावाचे पहिले डायरेक्टर आले, आणि बोर्डाने आपली दप्तरे त्यांच्या स्वाधीन करून इतिश्री केली. मंडळाच्या जागी खाते आले. सात जणांच्या मतभेदाच्या जागी एका डायरेक्टरचा हुकूम आला. कारभार सुधारला; मिनिटे मात्र वाचनीय राहिली नाहीत.

बोर्डाच्या काळातच दुसरे एक काम सुरू झाले होते, आणि त्याचा परिणाम माध्यमाच्या वादाहूनही खोल गेला. मराठी शिकवायची खरी, पण कोणती मराठी? कोकणातली, खानदेशातली, की नागपूरकडची? पाठ्यपुस्तके तपासणारे जे अधिकारी होते त्यांत मेजर टॉमस कँडी हे मुख्य. १८४७ पासून ते सरकारचे मराठी भाषांतरकार. शाळेचे पुस्तक त्यांच्या नजरेखालून गेल्यावाचून छापले जात नसे. स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम ही चिन्हे मराठीत रुजवण्याचे श्रेय त्यांचेच. १८५० साली त्यांनी त्या विषयावर एक लहान पुस्तकच काढले. कँडींच्या काटछाटीविरुद्ध पुढे पुण्याच्या विद्वानांनी पुष्कळ तक्रार केली, आणि इंग्रजी वळणाची मराठी ही त्यांची देणगी होय असा टोमणाही मारला. त्यात तथ्य आहे. परंतु एक गोष्ट टीकाकारांच्या नजरेतून निसटली. साहेब आणि शास्त्री यांनी मिळून जी प्रमाण मराठी ठरवली ती पुण्याच्या शिष्ट वर्गाची होती, आणि त्याविषयी साहेब व शास्त्री यांच्यात मुळीच मतभेद नव्हता. मोडीचीही हकीकत अशीच. व्यवहाराची लिपी मोडी, पुस्तकाची बाळबोध. छापखान्याच्या सोयीने पुस्तकाची लिपी प्रमुख झाली आणि विसाव्या शतकाच्या मध्याला मोडी शाळेतून उठली. आज पेशवे दप्तर वाचायचे तर माणसे शोधावी लागतात.

पेरींचा 'झिरपण्याचा' सिद्धांत प्रत्यक्षात कसा चालला हे पाहायचे तर पस्तीस वर्षे पुढे जावे लागते. १८६३ पासून मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला, आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे जाई. १८८२ साली हंटर कमिशन आले, तेव्हा जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर रोजी आपले निवेदन सादर केले. पैसा कष्टकऱ्यांचा आणि शिक्षण वरच्यांचे, हा त्यांचा मुद्दा होता. वरून ज्ञान झिरपल्याचे त्यांना कोठे दिसले नव्हते. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करावेत, आणि अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल व व्याकरण, शेतीची मूलतत्त्वे, नीती व आरोग्य यांचे पाठ असावेत, असे त्यांनी मागितले. ही यादी नीट वाचावी. जिच्या उत्पन्नावर शाळा चालते त्या रयतेच्या रोजच्या उपयोगाचा अभ्यासक्रम कोणता, याचा विचार आधीच्या कोणत्याही बोर्डाने इतक्या ठोसपणे केला नव्हता.

येथवरची कथा आपल्या अभिमानाची आहे. पुढचा भाग तसा नाही. पण कर्नाटकात राहणाऱ्या मराठी माणसाने तो अवश्य जाणला पाहिजे. धारवाड, बेळगाव, विजापूर हा सारा प्रदेश १८१८ नंतर मुंबई इलाख्यात आला, आणि इंग्रजांनी त्याला 'सदर्न मराठा कंट्री' म्हणजे दक्षिणेकडील मराठा मुलूख असे नाव दिले. मुलूख मराठ्यांच्या अमलाखालचा होता, पण रयत बहुतांशी कानडी बोलणारी. दप्तर मराठीत, अंमलदार मराठी, शिक्षक पुण्याकडून आलेले. तेव्हा शाळाही मराठी निघाल्या. धारवाडच्या कानडी मुलाने घरी एक भाषा बोलायची आणि शाळेत दुसरीत पाढे म्हणायचे. जगन्नाथ शंकरशेटांनी १८४७ साली इंग्रजीविरुद्ध जे लिहिले तेच शब्द या मुलाने मराठीविरुद्ध वापरले असते तर त्यातील एक अक्षर बदलावे लागले नसते.

ते काम केले डेप्युटी चन्नबसप्पा यांनी. शिक्षणखात्यातील हे कानडी अधिकारी धारवाडच्या शिक्षक तयार करण्याच्या शाळेचे प्रमुख होते, आणि पुढे डेप्युटी इन्स्पेक्टर झाले. ते पद त्यांच्या नावालाच चिकटले. १८६० नंतरच्या वर्षांत त्यांनी गावोगाव हिंडून मराठी शाळांच्या जागी कानडी शाळा घडवल्या, कानडी शिक्षक तयार केले, कानडी पाठ्यपुस्तकांच्या मागे लागले. त्या विभागाचे निरीक्षक रसेल हे त्यांच्या पाठीशी होते. स्वतः चन्नबसप्पांनी शेक्सपियरचे 'कॉमेडी ऑफ एरर्स' कानडीत आणले. १८८१ साली ते वारले. नंतर नऊ वर्षांनी, १८९० च्या जुलैमध्ये, धारवाडास कर्नाटक विद्यावर्धक संघ निघाला. त्याचे संस्थापक रा. ह. देशपांडे. आज उत्तर कर्नाटकात चन्नबसप्पांचे नाव आदराने घेतले जाते. आपल्या शाळांच्या इतिहासग्रंथांत मात्र त्यांना क्वचितच एखादी ओळ मिळते. त्यांनी आपल्याविरुद्ध काही केले नाही. आपल्याच बोर्डाने मान्य केलेले तत्त्व त्यांनी आपल्याला लागू केले, इतकेच. त्या धारवाडातच पुढे घरात मराठी बोलणाऱ्या कुटुंबात जन्मलेले द. रा. बेंद्रे कानडीचे थोर कवी झाले, आणि मराठीतही लिहीत राहिले. भाषा अशा शेजारधर्माने राहू शकतात, हे बेंद्र्यांच्या घरात दिसते. शाळाखात्याच्या फाइलीत ते दिसत नाही.

इकडे म्हैसूर संस्थानात गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. तेथे १८५७ साली शिक्षणखाते निघाले. बंगलोरातच जन्मलेले बेंजामिन लुईस राइस, ज्यांना आपण शिलालेखांच्या महाग्रंथांमुळे ओळखतो, हे त्या खात्यात होते. १८६८ साली त्यांनी प्रत्येक होबळीत शाळा काढण्याची योजना आणली. होबळी म्हणजे तालुक्याचा पोटभाग. या शाळा कानडी होत्या. १९१३ साली संस्थानाने प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. म्हैसूरच्या शाळेला भाषेविषयी धारवाडच्या शाळेइतकी झुंज द्यावी लागली नाही, आणि १९५६ साली दोन्ही मुलूख एका राज्यात आले तेव्हा धारवाडकडील मंडळी भाषेविषयी अधिक हळवी होती, याचे एक कारण हेही असावे असे मला वाटते.

घटनेच्या सातव्या दुरुस्तीने १९५६ सालीच ३५०-अ हे कलम घातले: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा. १८४७ च्या मिनिटाचे हे घटनेतील रूप म्हणावयास हरकत नाही. बदलीवर फिरणाऱ्या केंद्र सरकारच्या नोकरांच्या मुलांसाठी १९६३ पासून केंद्रीय विद्यालयांची योजना आली; आपणांपैकी पुष्कळांचा संसार तिच्यावरच चालला आहे, कारण गुवाहाटीहून बंगलोरला आलेल्या मुलाचे वर्ष तिच्यामुळे बुडत नाही. हिंदी व इंग्रजी ही तिची माध्यमे. फिरत्या माणसाला दुसरे काय देता येणार? घरी बोलायची मराठी ही मग आईबापांची जबाबदारी ठरते. माझा मुलगा देवनागरी धडाधड वाचतो, पण 'ळ' आला की क्षणभर थबकतो, जणू रस्त्यात कोणी अनोळखी पाहुणा भेटावा.

कर्नाटकात १९८१ साली गोकाक समितीचा अहवाल आला, कानडीला पहिल्या भाषेचे स्थान द्यावे यासाठी मोठे आंदोलन झाले, आणि १९९४ साली राज्याने पहिली ते चौथीचे माध्यम मातृभाषा किंवा कानडीच असावे असा आदेश काढला. तो वाद न्यायालयात वीस वर्षे चालला. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला की, मातृभाषा कोणती हे मुलाच्या वतीने पालक ठरवतील, आणि प्राथमिक टप्प्यावर माध्यम निवडण्याचे स्वातंत्र्य भाषणस्वातंत्र्यातच येते. राज्याला ते लादता येणार नाही. १८४७ साली सात सभासदांनी कागदांचे ढीग लिहिले, पण कोणा पालकाला बोलावून विचारल्याचे आढळत नाही. २०१४ साली निर्णय पालकाकडेच सोपवला गेला. आणि पालकांनी, बंगलोरात काय आणि पुण्यात काय, बहुतेक ठिकाणी इंग्रजीकडे बोट दाखवले. पेरीसाहेबांचा युक्तिवाद न्यायाधीशांनी नव्हे, आपण मान्य केला.

वर्गातील साधनांचे म्हणाल तर दगडी छापाची जागा आता भिंतीवरच्या उजळ पडद्याने घेतली आहे. पण २०२० साली साथीच्या दिवसांत शाळा बंद होत्या तेव्हा कर्नाटक सरकारने काही काळ 'विद्यागम' नावाची योजना चालवली. शिक्षकांनी वस्त्यांवर जाऊन देवळाच्या आवारात, झाडाखाली लहान लहान गट शिकवायचे. ज्यांच्याकडे यंत्र नव्हते अशा मुलांसाठी ती होती. पंतोजींची ओवरी अशा रीतीने काही आठवडे परत आली होती.

सध्याची स्थिती अशी आहे. कर्नाटकच्या २०१५ च्या कायद्याने राज्यातील शाळांत कानडी पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवणे आवश्यक केले. महाराष्ट्राने २०२० साली तसाच कायदा मराठीसाठी केला. महाराष्ट्रातच पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकवण्याचे सरकारी निर्णय २०२५ च्या एप्रिल व जूनमध्ये निघाले, त्यांवर मोठा गदारोळ झाला, आणि जूनअखेर ते मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. एखाद्या अधिकाऱ्याची बदली पुण्याहून बंगलोरास झाली, तर त्याच्या तिसरीतल्या मुलाला सरत्या वर्षी मराठी सक्तीची असते आणि नव्या वर्षी कानडी. मे महिन्यात सामान बांधताना घरोघर कानडी बाराखडीचे पुस्तक विकत आणले जाते. मुलाच्या आधी आई ती गिरवते.